रामलिंगचा घाट आणि १८७८ चे दोन कायदे

मराठीत लहानशा जंगलासाठी एक गोड शब्द आहे, राई. आमराई, वनराई, देवराई. जिथे आभाळ अर्धे दिसते आणि अर्धे झाकलेले असते, गावापासून चालत जाता येते आणि चालतच परत येता येते, ती राई. 'जंगल' हा शब्द आपण उर्दूत आणि मराठीत सारखाच वापरतो, पण त्याचे मूळ संस्कृतात आहे आणि तिथे त्याचा अर्थ होता कोरडी, उघडी, विरळ झाडीची जमीन. पुढे अर्थ बदलत बदलत तो घनदाट रानाला चिकटला आणि इंग्रजांनी तोच उचलून आपल्या भाषेत नेला. गंमत अशी, की मराठवाड्यात आज पुन्हा हा शब्द आपल्या जुन्या अर्थाला येऊन पोचला आहे. कोरडी आणि उघडी जमीन आपल्याकडे भरपूर आहे. राई मात्र शोधावी लागते.

लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्क्यापेक्षाही कमी आहे. आमच्या नांदेड जिल्ह्याचा आकडा त्यापेक्षा बरा दिसतो, पण तो किनवट आणि माहूरमुळे. लोहा, कंधार, मुखेडच्या बाजूला उभे राहून नजर टाका, डोंगर आहेत आणि त्यांच्यावर गवत आहे. गायरानात वेडी बाभूळ आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना 'जंगल' या विषयावर चित्र काढायला सांगितले की सिंह, जिराफ आणि नारळाची झाडे येतात. कारण त्यांचे जंगल मोबाइलमधून आलेले आहे, पायाखालून आलेले नाही.

म्हणून मी गेल्या काही वर्षांत जवळच्या राया बघत हिंडतो. त्यातली एक आहे येडशीजवळचा रामलिंगचा घाट. या लेखात मी त्या घाटाबद्दल लिहिणार आहे, पण तिथून आपल्याला इंग्लंडमधल्या दोन ठिकाणी जावे लागेल. मी इंग्लंडला गेलेलो नाही. मात्र या घाटाचा आणि त्या ठिकाणांचा संबंध एका माणसामुळे जुळतो, आणि तो धागा ओढला की एक प्रश्न हाती लागतो. राई कोणाची असते?

येडशी

लोह्याहून निघालो की अहमदपूर, लातूर, मुरूड, ढोकी असे करत येडशी लागते. लातूरपर्यंतचा रस्ता ऊस आणि सोयाबीनचा. ढोकी ओलांडली की जमीन हळूहळू वर चढते. बालाघाटच्या डोंगररांगेची ही कड आहे. येडशीपासून थोड्या अंतरावर डोंगर एकदम खाली उतरतो आणि खाली, दरीच्या पोटात, रामलिंगाचे देऊळ आहे. भोवती झाडी, पावसाळ्यात ओढा, धबधबा आणि माकडे. मंदिराची कथा रामायणातली आहे. सीतेला घेऊन जाणाऱ्या रावणाला जटायूने इथे अडवले, घायाळ जटायूला पाणी पाजण्यासाठी रामाने बाण मारून झरा काढला, असे लोक सांगतात. जटायूची समाधीही दाखवतात.

या भागाला १९९७ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ जेमतेम २२ चौरस किलोमीटर. वाघांची मोठमोठी अभयारण्ये बघितलेल्या माणसाला हे हसू येण्याजोगे वाटेल. पण ज्याचे आयुष्य लोह्यात गेले त्याला हे पुष्कळ आहे. पळस, खैर, बोर, आपटा, सीताफळ, कडुनिंब अशी आपल्या कोरड्या मुलखातलीच झाडे. उन्हाळ्यात सगळी पाने टाकून देतात आणि पहिल्या दोन पावसात पुन्हा अंगावर घेतात. मी गेलो तेव्हा भाद्रपद संपत आला होता. श्रावणातल्या सोमवारची गर्दी ओसरली होती. बरोबर शाळेतले दोन सहकारी होते, एक मराठीचे आणि एक गणिताचे.

देवळाजवळ चहाच्या टपरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. धोतर, टोपी, हातात काठी. त्यांनी माझी दाढी बघितली, मग विचारले, "कुठले म्हणायचे पाव्हणे?"

"लोह्याचे, बाबा. मास्तर आहे शाळेत."

"लोहा म्हणजे माळेगावच्या जत्रेकडचं."

"हो, तेच."

माळेगावचा खंडोबा आणि त्याचा घोडेबाजार यामुळे लोह्याची ओळख लगेच पटते. मग बाबा रेल्वेवर आले. इथून, याच घाटातून, छोटी गाडी जायची असे त्यांनी काठीने दाखवले. "बार्शी लाइट. चढाला आली की धापा टाकायची. पोरं उतरायची, बोरं तोडायची आन् पळत जाऊन परत चढायची." हा किस्सा तुम्हीही लातूर-बार्शीकडच्या प्रत्येक म्हाताऱ्याकडून ऐकला असेल. आमचे गणिताचे सर म्हणाले, यात अतिशयोक्ती किती टक्के? बाबा म्हणाले, "बोराचं खरं हाय."

आता ती गाडी नाही. २००७-०८ मध्ये हा मार्ग रुंद झाला तेव्हा नवी लाइन धाराशिव शहराकडून वळवली आणि घाटातला जुना मार्ग सुटला. झाडीत शिरले की मातीचा सपाट पट्टा डोंगराच्या कडेने वळत जाताना दिसतो. वर गवत आणि सीताफळाची रोपे. अनोळखी माणसाला ती बैलगाडीची जुनी वाट वाटेल. पण बैलगाडीची वाट इतकी एकसारखी चढत नाही. ते मोजमाप एका इंजिनिअरचे आहे.

कॅलथ्रॉपची छोटी गाडी

त्या इंजिनिअरचे नाव एव्हरार्ड कॅलथ्रॉप. जन्म १८५७ चा, इंग्लंडमधल्या लिंकनशायरमधला, शेतकऱ्याच्या घरातला. १८८२ मध्ये तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीवर हिंदुस्थानात आला. त्याच्या डोक्यात एक कल्पना पक्की होती. गरीब मुलखात मोठी रेल्वे परवडत नाही म्हणून तिथे रेल्वेच नको, हे त्याला मान्य नव्हते. रूळ फक्त अडीच फूट अंतराचे ठेवा, प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येऊ देऊ नका, डबे हलके पण लांब बनवा, म्हणजे स्वस्तात रेल्वे होते. १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी लंडनमध्ये नोंदली गेली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुमारे ३४ किलोमीटरची गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. सगळी मिळून ३२५ किलोमीटरच्या आसपास.

बार्शी ते लातूर हा प्रवास त्या काळी दोन राज्यांमधला होता. बार्शी तालुका मुंबई इलाख्यात, इंग्रजांच्या हद्दीत. येडशी, ढोकी, मुरूड, लातूर निजामाच्या हद्दीत. म्हणजे घाटात गाडी धापा टाकत चढे तेव्हा प्रवासी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आलेला असे. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली सिक्का. इकडे इंग्रजी आणि मराठी कागद, तिकडे उर्दू आणि फसली सन. मालावर निजामाची करोडगिरी, म्हणजे जकात. लातूरची अडत, तिथला कापूस, तेलबिया आणि तूर या छोट्या गाडीवर वाढली. लातूर हे तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातले एक गाव होते, स्वतंत्र जिल्हा तर ते १९८२ मध्ये झाले. त्या गावाची बाजारपेठ झाली ती रेल्वेमुळे. रेल्वेने येणाऱ्यांत कच्छी मुसलमान व्यापारी होते, मारवाडी होते, लिंगायत अडते होते. १९४८ च्या सप्टेंबरनंतर त्यातल्या किती घरांचे काय झाले, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. सुंदरलाल समितीच्या अहवालात लातूरबद्दल जे लिहिले आहे ते वाचलेल्याला ही लाइन नुसती गमतीची छोटी गाडी वाटत नाही. त्याच्या आधी रझाकारांनी खेड्यांत जे केले तेही विसरता येत नाही. या सरहद्दीवरच्या राईने दोन्ही बाजूंनी पळणारी माणसे पाहिली असणार.

मॅनिफोल्डचे खोरे

बार्शी लाइटने कॅलथ्रॉपचे नाव झाले. मग त्याच्याच देशातून बोलावणे आले. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात मॅनिफोल्ड नावाची एक नदी आहे. चुनखडीचे डोंगर, उतारावर ॲशच्या झाडांच्या राया, खाली कुरणे, गायी आणि दुधाचा धंदा. तिथे १९०४ च्या जूनमध्ये कॅलथ्रॉपने बार्शीच्याच मापाची, अडीच फुटी रेल्वे बांधली. लांबी फक्त सव्वाआठ मैल. इंजिने लीड्स शहरातल्या किटसन कारखान्यातली, बार्शीची इंजिनेही तिथलीच. इंजिनांच्या कपाळावर हिंदुस्थानात शोभावेत असे मोठे दिवे बसवले होते. एका इंजिनाला कॅलथ्रॉपचेच नाव दिले होते.

आपल्याला शाळेत शिकवले जाते की रेल्वे इंग्लंडमधून हिंदुस्थानात आली. ते खरेच आहे. पण हे उदाहरण उलटे आहे. बार्शीच्या मातीत पडताळलेली गोष्ट इंग्लंडच्या खेड्यात गेली. मी हे मुलांना सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात.

मॅनिफोल्ड नदीची आणखी एक खूण आपल्याला ओळखीची वाटेल. उन्हाळ्यात ती मध्येच गायब होते. चुनखडीच्या भेगांतून पाणी जमिनीखाली जाते, पात्र कोरडे पडते आणि काही मैलांवर इलम नावाच्या गावापाशी पाणी पुन्हा वर येते. आमच्याकडे नद्या गायब होतात त्या मात्र वर येत नाहीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या दोन गावांना कॅलथ्रॉपच्या गाडीने जोडले होते, त्याच दोन गावांमध्ये जवळजवळ नव्वद वर्षांनी पाण्याची रेल्वे धावली.

मॅनिफोल्डची गाडी फार काळ चालली नाही. मोटारगाड्या आणि दुधाचे ट्रक आले. १९३४ च्या मार्चमध्ये ती बंद पडली. त्यानंतर जे झाले ते मला महत्त्वाचे वाटते. रेल्वे कंपनीने रुळांखालची जमीन विकली नाही, ती परगण्याच्या कौन्सिलला देऊन टाकली. कौन्सिलने त्यावर डांबर टाकले आणि १९३७ मध्ये ती वाट पायी चालणाऱ्यांसाठी खुली केली. आजही लोक त्यावरून राईतून, नदीकाठाने, सायकलवर किंवा चालत जातात. व्हीलचेअरवरचा माणूसही जाऊ शकतो, कारण चढ आगगाडीला सोसेल इतकाच आहे. त्या खोऱ्यातल्या ॲशच्या झाडांना हल्ली बुरशीचा रोग लागला आहे आणि उतार विरळ होत आहेत. पण वाट खुली आहे.

आमच्या रामलिंगच्या घाटातला तोच चढ, त्याच माणसाने मोजलेला, गवताखाली पडून आहे.

लॉटनचा लाकूडतोड्या

कॅलथ्रॉप पुढे इंग्लंडमध्येच राहिला. लंडनच्या ईशान्येला एसेक्स परगण्यात लॉटन नावाचे गाव आहे, तिथे त्याचे घर होते. तो अरबी घोडे पाळायचा आणि घोड्यांवर त्याने पुस्तकही लिहिले. विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी त्याने पॅराशूट बनवले, ते पहिल्या महायुद्धात वापरले गेले. १९२७ मध्ये, म्हणजे त्याची रेल्वे मिरजेला पोचली त्याच वर्षी, तो वारला.

लॉटन गाव एपिंग फॉरेस्ट नावाच्या जंगलाला लागून आहे. आणि या जंगलाची गोष्ट कॅलथ्रॉपच्या आधीची आहे. तिथल्या गावकऱ्यांचा एक जुना हक्क होता. दर वर्षी ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून हिवाळाभर त्यांनी झाडांच्या फांद्या छाटून सरपण न्यायचे. झाड तोडायचे नाही, फक्त फांद्या. समजूत अशी होती की ज्या वर्षी मध्यरात्री कोणीच कुऱ्हाड चालवणार नाही, त्या वर्षी हा हक्क कायमचा जाईल. १८६० च्या दशकात लॉटनच्या जमीनदाराने, जो गावचा पाद्रीही होता, जंगलाच्या मोठ्या भागाला कुंपण घातले. थॉमस विलिंगेल नावाच्या म्हाताऱ्या मजुराने आणि त्याच्या घरच्यांनी कुंपण मानले नाही. त्यांनी फांद्या तोडल्या. १८६६ मध्ये त्याच्या घरातले तरुण तुरुंगात गेले.

पण प्रकरण तिथे संपले नाही. लंडनमधल्या सुशिक्षित लोकांची सामाईक जमिनी वाचवणारी एक संस्था नुकतीच निघाली होती, ती मदतीला आली. पुढे लंडन शहराचे कॉर्पोरेशन जमीनदारांविरुद्ध कोर्टात गेले आणि जिंकले. १८७८ मध्ये पार्लमेंटने एपिंग फॉरेस्टचा कायदा केला. कुंपणे निघाली. जंगल कॉर्पोरेशनकडे गेले, या अटीवर की ते कायम सर्वांना खुले राहील. १८८२ मध्ये राणी व्हिक्टोरिया स्वतः तिथे आली आणि तिने ते जनतेला अर्पण केले. विलिंगेलच्या शेजाऱ्यांचा फांद्या तोडण्याचा हक्क मात्र मोबदला देऊन संपवला गेला. त्या पैशांतून गावात एक सभागृह बांधले, त्याचे नावच फांद्या छाटण्यावरून ठेवले. म्हणजे मजुराला सरपण मिळाले नाही. पण त्याच्या नातवंडांना जंगल मिळाले.

त्याच वर्षी आपल्याकडे

आता वर्ष लक्षात ठेवा. १८७८.

त्याच १८७८ मध्ये, त्याच राणीच्या नावाने चालणाऱ्या सरकारने हिंदुस्थानात जंगलाचा नवा कायदा केला. त्यात जंगलाचे तीन वर्ग केले. राखीव, संरक्षित आणि गावजंगल. राखीव जंगलात गावकऱ्याचा हक्क जवळजवळ उरला नाही. जे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते, चराई, सरपण, मध, डिंक, पाने, त्याला सरकारने हक्क म्हणायचे सोडून सवलत म्हणायला सुरुवात केली. सवलत म्हणजे दिली तर दिली. तिसरा वर्ग, गावजंगल, बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला. वनखात्याचा पहिला मोठा अधिकारी ब्रँडिस हा जर्मन माणूस होता, त्याला गावाच्या हक्कांना जास्त जागा ठेवायची होती. त्याचे चालले नाही. जंगल हवे होते ते रेल्वेच्या स्लीपरसाठी, जहाजांसाठी आणि महसुलासाठी.

पुण्याच्या सार्वजनिक सभेने या कायद्याला विरोध नोंदवला. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात जंगलखात्याने कुणब्याच्या गाई-बकऱ्यांची चराई कशी बंद केली याबद्दल कडक शब्दांत लिहिले आहे. लॉटनच्या मजुराच्या बाजूने लंडनचे वकील उभे राहिले. आपल्या शेतकऱ्याच्या बाजूने जोतीराव उभे राहिले. पण लॉटनचा माणूस ज्या देशात राहत होता तिथे पार्लमेंट त्याचे होते. फरक एवढाच होता, आणि तो फार मोठा होता.

वाचक म्हणतील, आपण तर निजामाच्या राज्यात होतो, इंग्रजांचा कायदा आपल्याला कुठे लागू होता? खरे आहे. पण निजामानेही पुढे जंगलाचे स्वतःचे कायदे केले आणि त्यांचा साचा इंग्रजांचाच होता. इथे मला माझ्या मुसलमान वाचकांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. निजामाच्या काळातल्या शाळा, दवाखाने, उस्मानिया विद्यापीठ, रेल्वे यांचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. करावा. पण आदिलाबादच्या जंगलात काय झाले तेही वाचावे. आजचा किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, म्हणजे ती गोष्ट आपलीच आहे. तिथल्या गोंड आणि कोलामांची शेते राखीव जंगलाच्या रेषेत आली. त्यांना हुसकावले, दंड घेतला, गुरे धरली. कुमराम भीम नावाचा गोंड तरुण जल, जंगल, जमीन हे तीन शब्द घेऊन उभा राहिला आणि १९४० मध्ये जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला चौकशीला पाठवले आणि काही जमिनींचे पट्टे गोंडांना दिले गेले. हे चांगले झाले. पण माणूस मेल्यावर झाले. जुलूम करणारा आपल्या नावाचा असला म्हणून जुलमाचे नाव बदलत नाही.

हिमा

रामलिंगच्या वाटेवर आम्हाला दोन बायका भेटल्या. डोक्यावर वाळक्या काटक्यांच्या मोळ्या. मराठीच्या सरांनी विचारले, "मावशी, नेऊ देतात का?" एक म्हणाली, "कधी देत्यात, कधी न्हाई." दुसरी काही बोलली नाही, चालत राहिली. गॅसची टाकी घरात असूनही चूल पेटते, कारण टाकी भरायला पैसे लागतात आणि काटकीला नुसते चालणे लागते.

दीडशे वर्षांपूर्वीचा तोच शब्द मला ऐकू आला, सवलत. दिली तर दिली.

आणि मला आठवली हिमा. ज्यांना हा शब्द नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो. अरबस्तानात इस्लामच्या आधी टोळीचे सरदार चांगली कुरणे स्वतःसाठी अडवून ठेवायचे, त्याला हिमा म्हणत. पैगंबरांनी (स.) ही खासगी हिमा बंद केली. राखीव कुरण ठेवायचेच तर ते सर्वांच्या कामासाठी. मदिनेजवळचे नकी हे कुरण त्यांनी लढाईच्या घोड्यांसाठी राखले. मदिनेच्या हद्दीतले झाड तोडायलाही मनाई होती. म्हणजे राखणे आपल्या परंपरेत आहे.

पण पुढची गोष्ट जास्त मोलाची आहे. हजरत उमर (र.) यांनी एका हिमेवर हुनय नावाच्या माणसाला राखणदार नेमले. त्याला दिलेली सूचना सही बुखारीत आली आहे. तिचा आशय असा. ज्याच्याकडे थोडेसेच उंट आणि मोजक्याच बकऱ्या आहेत त्याला आत येऊ दे. अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांच्या कळपांना मात्र बाहेर ठेव. हे दोघे लहानसहान नव्हते, मोठे सहाबी होते आणि श्रीमंत होते. कारण असे दिले, की त्यांची गुरे मेली तरी त्यांच्याकडे खजूर आणि शेती आहे. गरिबाची मेली तर तो मुलाबाळांना घेऊन माझ्या दारात येईल, आणि गवत देणे मला सोने-चांदी देण्यापेक्षा सोपे आहे.

राखीव जंगलाचे एवढे शहाणे धोरण मी दुसरे वाचलेले नाही. दार बंद ठेवायचे, पण कोणासाठी उघडायचे ते ठरवून. १८७८ च्या आपल्याकडच्या कायद्यात याच्या बरोबर उलटे होते. ठेकेदार आत, बकरीवाला बाहेर. २००६ मध्ये आपल्या संसदेने वनहक्काचा कायदा केला तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत जुन्या अन्यायाची कबुली द्यावी लागली, ती यासाठीच.

वाघ आला होता

२०२४ च्या अखेरीस येडशीच्या अभयारण्यात एक वाघ दिसला. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा असल्याचे वनखात्याने ओळखले. म्हणजे मधला सगळा मराठवाडा ओलांडून, शेकडो किलोमीटर चालून तो इथे आला. ऊस, तूर, ओढे, रस्ते, गावे, कोणालाच पत्ता नाही. त्याने नकाशा बघितलेला नव्हता, पण एवढ्या उघड्या मुलखात त्याला नेमकी ही २२ चौरस किलोमीटरची राई सापडली. गावागावांत भीती पसरली, गुरे मेली, पकडण्याची पथके आली. भीती खरी होती, तिची थट्टा करू नये. पण मला त्यातून वेगळे काही कळले. मधे कुठेतरी त्याने विसावा घेतला असेल. एखाद्या ओढ्याकाठची झाडी, एखादे गायरान, एखादी जुनी आमराई, कदाचित एखादे कब्रस्तान. लहान राया एकमेकींना बांधून ठेवतात. एक तुटली की पुढचीपर्यंत पोचता येत नाही.

आपल्या हातात काय आहे

रामलिंगचा घाट वाचला तो श्रद्धेमुळे. देवाच्या दारातले झाड तोडायला हात धजत नाही. आमच्याकडे दर्ग्याच्या आवारातल्या चिंचेचे आणि वडाचेही तसेच आहे. कंधारला हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्याला जा, तिथे सावलीत बसणारा माणूस आपला धर्म सांगून बसत नाही.

दोन गोष्टी सुचवतो. पहिली, घाटातला जुना रेल्वेमार्ग. वनखात्याने आणि रेल्वेने ठरवले तर अभयारण्याचे नियम पाळून त्याचा काही भाग पायवाट म्हणून करता येईल. मॅनिफोल्डला नव्वद वर्षांपूर्वी जमले. शाळेची सहल पाण्याच्या पार्कात नेण्याऐवजी त्या वाटेवर नेता येईल, आणि बार्शी ते लातूर हा इतिहास मुलांच्या पायांना कळेल. राखणदारी आणि वाट दाखवण्याचे काम मोळी नेणाऱ्या त्याच बायकांच्या घरच्यांना मिळाले, तर ती हिमा होईल.

दुसरी गोष्ट आपल्याच हातातली आहे, तिला कोणाची परवानगी लागत नाही. आपल्या प्रत्येक गावात कब्रस्तान आहे. लोह्यात आहे, कंधारला आहे, अहमदपूरला आहे. तिथे नांगर चालत नाही आणि प्लॉट पडत नाहीत, निदान पडू नयेत. वक्फची ही जमीन म्हणजे गावाच्या मध्यावर राखलेला तुकडा आहे. आज तिथे वेडी बाभूळ आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या आहेत. ती काढून कडुनिंब, बोर, चिंच, सीताफळ, करंज अशी आपल्याच मातीतली झाडे लावायला पाच-सहा तरुण आणि दोन उन्हाळ्यांचे पाणी पुरते. बोरे कोणी तोडली तर तोडू द्यावीत. काटक्या कोणी नेल्या तर नेऊ द्याव्यात, आणि नेणारी बाई कोणत्या गल्लीची आहे ते विचारू नये.

या पावसाळ्यात मृगाच्या आधी खड्डे झाले पाहिजेत. दीड फूट बाय दीड फूट, तळाला शेणखत, दोन झाडांत पंधरा फुटांचे अंतर. कबरींच्या ओळी सोडून. ज्यांना रोपे हवी असतील त्यांनी आपल्या तालुक्याच्या सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत आत्ताच नाव द्यावे, जूनमध्ये गर्दी होते.